अनुभव धागा : अमेरिकेत इंजिनियरिंगचा अर्ज आणि खेळ

एमआयटी, कॅलटेक, हार्वे मड, स्टॅनफर्ड अशा ठिकाणी अर्ज करणाऱ्या मुलांच्या पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: खेळ कॉलेजातही चालू ठेवायचा का, आणि प्रवेशाला त्याचा खरोखर उपयोग होतो का? ज्यांना यातलं नेमकं ठाऊक आहे त्यांनी लिहा. नियम, तारखा, कुठे अडतं, सगळं येऊ द्या.

एडिसनकर
पहिल्यांदा डिव्हिजन (एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेने पाडलेला स्तर) बघा, बाकी सगळं त्यावर ठरतं. स्टॅनफर्ड डिव्हिजन १ मध्ये आहे आणि तिथे खेळासाठी स्कॉलरशिप मिळते. प्रिन्स्टनही डिव्हिजन १ मध्येच, पण आयव्ही लीग (प्रिन्स्टनसह आठ जुन्या विद्यापीठांचा गट) खेळावर पैसे देत नाही. एमआयटी, कॅलटेक, हार्वे मड, कार्नेगी मेलन ही सगळी डिव्हिजन ३ (एमआयटीचं मुलींचं रोइंग, म्हणजे नौका वल्हवणं, तेवढं डिव्हिजन १). तिथे खेळाची स्कॉलरशिप नसतेच. मदत मिळते ती मुख्यतः घरच्या उत्पन्नावर, त्यामुळे दुसऱ्या वर्षी खेळ सोडला तरी ती जात नाही. डिव्हिजन १ मध्ये मुलाने आपणहून संघ सोडला तर स्कॉलरशिप बंद होऊ शकते. हार्वे मडचा स्वतंत्र संघ नाही, क्लेरमाँट मकेना आणि स्क्रिप्ससोबत मिळून एकच संघ आहे. जागांचा अंदाज बांधताना हे विसरू नका.

पोहणाऱ्यांची आई
भारतातून अर्ज करणाऱ्यांची पहिली अडचण वेळेच्या नोंदीत येते. अमेरिकन कॉलेजची पोहण्याची शर्यत २५ यार्डाच्या तलावात होते, आपल्याकडच्या मोठ्या स्पर्धा ५० मीटरच्या. नुसती मीटरची वेळ पाठवली तर कोचला तुलना करता येत नाही. मूळ वेळ, तलावाची लांबी आणि यार्डात बदललेली वेळ, तिन्ही द्या. ॲथलेटिक्सला हातघड्याळाची वेळ धरत नाहीत, इलेक्ट्रॉनिकच हवी. टेनिसला यूटीआर रेटिंग (खेळाडूचा दर्जा सांगणारा आकडा), रोइंगला मशीनवरची २००० मीटरची वेळ.

ईमेलच्या विषयातच खेळ, प्रकार, उत्तम वेळ आणि शाळा संपण्याचं वर्ष घाला. मजकूर दहा ओळींच्या आत ठेवा. मार्क आणि सॅटचा (अमेरिकन प्रवेश परीक्षेचा) स्कोअर पहिल्याच ईमेलमध्ये जाऊ द्या, कारण या कॉलेजांत कोच आधी अभ्यास बघतो. ईमेल मुलानेच लिहायचा, पालकांनी नाही.

चार्ल्सकाठचा
"कोचला तुम्ही हवे आहात" आणि "प्रवेश मिळाला" यांत फार मोठं अंतर आहे, आणि घरं फसतात ती इथेच. एमआयटीत कोचकडे राखीव जागा नसतात. तो प्रवेश विभागाला आपलं मत कळवतो, निर्णय त्या विभागाचा. काही डिव्हिजन ३ कॉलेजांत बारावीच्या आधीच्या उन्हाळ्यात प्री-रीड होतं: मार्क, सॅट आणि बारावीचे विषय बघून प्रवेश विभाग कोचला अंदाज देतो. तो अंदाज म्हणजे हमी नव्हे.

कोचला थेट विचारा. प्री-रीड होतं का? गेल्या दोन-तीन वर्षांत तुम्ही पाठिंबा दिलेल्यांपैकी किती जणांना प्रवेश मिळाला? मला कोणत्या फेरीत अर्ज करावा लागेल? हार्वे मड आणि कार्नेगी मेलनचा अर्ली डिसिजन (लवकरची अर्जफेरी) बंधनकारक असतो, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जावं लागतं; एमआयटीची लवकरची फेरी, अर्ली ॲक्शन, बंधनकारक नसते. अर्ली डिसिजन घेतला तर आर्थिक मदतीची इतर कॉलेजांशी तुलना करण्याची संधी जाते. आधी कॉलेजच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरवर (मदत वजा जाता घरच्यांना किती खर्च येईल याचा अंदाज देणारं साधन) आकडा काढा, मगच कोचला हो म्हणा.

लॅब-सहाय्यक
वेळापत्रकाकडे कोणी बघत नाही, याचं फार वाईट वाटतं. डिव्हिजन १ मध्ये सीझनमध्ये सरावाची मर्यादा दिवसाला ४ तास, आठवड्याला २० तास आहे. प्रवास आणि फिजिओ त्यात धरत नाहीत. इंजिनियरिंगच्या लॅब दुपारी असतात आणि सरावही दुपारीच. एमआयटीत सोमवार ते गुरुवार संध्याकाळी ५ ते ७ पदवीचे वर्ग सहसा ठेवत नाहीत, त्यामुळे तिथे हे जमतं. इतर ठिकाणी संघातल्या तिसऱ्या वर्षाच्या मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकलच्या मुलाला गाठा. लॅब आणि सराव एकाच वेळी आले तर काय करतोस, हेच विचारा. संघात तुमच्या शाखेचं कोणीच नसेल तर तेही उत्तरच समजा.

पुणे-३८
विद्यार्थी व्हिसावरच्या (एफ-१) मुलांनी खेळाडू म्हणून जाहिरातींचे पैसे घेण्याआधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला विचारावं. एफ-१ वर कामाची बंधनं आहेत, चूक झाली तर व्हिसाच धोक्यात येतो. क्रिकेट वर्सिटी खेळ (कॉलेजचा अधिकृत संघ असलेला खेळ) नाही, त्यासाठी कोच शोधत बसू नका.

भारतात राहणाऱ्यांसाठी: आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात २ जादा जागा ठेवल्या, त्यातली १ मुलींची. जेईई ॲडव्हान्स्डच्या यादीत नाव असावंच लागतं, शिवाय राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतलं पदकही. अर्ज जोसाच्या (आयआयटीच्या नेहमीच्या सामायिक जागावाटपाच्या) बाहेर, वेगळ्या पोर्टलवर करायचा असतो.

एडिसनकर
संघात जाण्याइतका दर्जा नसेल तरी खेळ अर्जात लिहा. एमआयटीच्या अर्जात फक्त चारच उपक्रम मावतात, कॉमन ॲपमध्ये (अनेक कॉलेजांना चालणारा एकच अर्ज) दहा. चारात खेळ घालायचा की रोबोटिक्स, हे कोणत्या उपक्रमाला जास्त वर्षं आणि आठवड्याचे तास दिले त्यावर ठरवा.