काठमांडूच्या बालगृहात जायचंय, पण आता शंका येतेय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर मी आणि मैत्रीण पंधरा दिवस काठमांडूच्या एका बालगृहात मुलांना शिकवायला जाणार आहोत. गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे सोनौलीला नेपाळची सीमा पार करून बस. आईने आणि शेजारच्या काकूंनी मिळून बावीस टोप्या विणल्यात, शिवाय स्वेटर, चित्रकलेच्या वह्या, खडू असा सगळा मिळून पस्तीसेक किलोचा पसारा हॉलमध्ये पडलाय.

पण परवा संस्थेकडून आठवड्याचे पैसे डॉलरमध्ये भरा असा निरोप आला, सोबत मुलांचे फोटो, नावांसकट. मन खट्टू झालं. मग जरा वाचलं, तर नेपाळच्या बालगृहांतल्या बऱ्याच मुलांचे आईवडील हयात असतात. शिक्षणाचं आमिष दाखवून दलाल त्यांना डोंगरातल्या गावांतून आणतात. 2015 च्या भूकंपानंतर तर पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायलाच तिथल्या सरकारला बंदी घालावी लागली होती. आपण पंधरा दिवस लळा लावून निघून यायचं, हेही आता पटेना.

कुणी तिथे राहिलंय किंवा काम केलंय का? संस्था खरी आहे की नाही, हे इथून कसं तपासायचं? नेमकं काय विचारू? सोनौलीला एवढे नवे कपडे बघून कस्टमवाले अडवतात का? की सरळ एखाद्या गावच्या शाळेला सामान द्यावं? तशी शाळा माहीत असेल तर कृपया सांगा. तिकिटं काढून झालीत, आणि टोप्या आईला परत दाखवायची माझी हिंमत नाही.