सल्ला हवाय: भावाच्या वर्कशॉपमधल्या मंडळींच्या हातात कॅमेरा द्यायचाय

चिंचपोकळी_स्लो:
नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ ३६ वर्षांचा आहे, डाऊन सिंड्रोम. रोज त्याच्यासारख्या मोठ्या माणसांसाठीच्या वर्कशॉपला जातो, कागदी पिशव्या करतो, दिवाळीआधी पणत्या रंगवतो, संध्याकाळी घरी. चाळीत होतो तेव्हा दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या दारात बसलेला असायचा, आता टॉवर झाला आणि लोक फक्त लिफ्टमध्ये भेटतात, "काय रे बाळा कसा आहेस" म्हणतात आणि उत्तर यायच्या आत मजला येतो. मी लग्नाच्या शूटचं एडिटिंग करते, म्हणून वर्कशॉपच्या बाईंनी विचारलं की सहभागी व्हिडिओ करूया का, म्हणजे काय दाखवायचं ते या लोकांनीच ठरवायचं, शूट पण त्यांनीच करायचं आणि मग एरियात दाखवून लोकांशी बोलायचं. आठ जण आहेत, वय २४ ते ५२, दोघं बोलत नाहीत. मोबाईल की कॅमेरा? परवानगी कुणाची घ्यायची? एडिटिंग मी केलं तर चालेल ना? गणपतीत मंडळ स्क्रीन द्यायला तयार आहे, तिथे दाखवू का?

वडापाव_विदाऊट_चटणी:
मोबाईलच घे, ट्रायपॉडवर, आडवा. रेकॉर्डच्या बटणाजवळ लाल टिकली चिकटव, हात थरथरत असेल तर ब्लूटूथवाला रिमोट दे, स्वस्तात मिळतो. आवाजासाठी कॉलरचा माईक हवाच, लालबागच्या ट्रॅफिकमध्ये काही ऐकू येणार नाही.

मुलुंडचे_काका:
ताई, मनापासून सांगतो, जपून. माझी मुलगी २९ वर्षांची आहे. ती हळदीत नाचली त्याचा कुणीतरी रील केला, खाली काय काय लिहिलं होतं ते इथे टाइप करवत नाही. व्हिडिओ एकदा बाहेर गेला की गेला. इन्क्लुजन वगैरे ठीक आहे हो पण आधी परवानगीचं बघा.

फिरता_ट्रायपॉड:
काकांचा मुद्दा बरोबर आहे, तिथूनच सुरू करतो. आपल्याकडे आईवडिलांची सही घेतली की झालं असं समजतात. पण १८ नंतर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली लोकल लेव्हल कमिटीकडे, म्हणजे जिल्ह्याच्या समितीकडे, अर्ज करावा लागतो. आणि ते पालकत्व असलं तरी चेहरा त्या माणसाचा आहे, त्याला विचारायलाच हवं. आम्ही अशाच एका ग्रुपबरोबर व्हिडिओ करतो, तिथे व्हिडिओ कुणी बघायचा ते विचारायला चित्रांची चार कार्डं करतो: फक्त आपण, घरचे, बिल्डिंग, इंटरनेट. दर वेळी नव्याने विचारायचं. यातली एक गंमत ऐका, आमच्या ग्रुपमधले बरेच जण समोरच्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणतात, आयुष्यभर तेच शिकवलंय ना त्यांना. म्हणून आज "दाखवू का" विचारायचं आणि उद्या "लपवून ठेवू का". दोन्हीला हो आलं तर तो होकार नाही, थांबायचं.

पहिला दिवस फक्त खेळ. गोल बसायचं, प्रत्येकाने शेजारच्याचं शूट घ्यायचं, नाव आणि एक आवडती गोष्ट, बोलत नसेल तर वस्तू दाखवेल, आणि लगेच टीव्हीला जोडून बघायचं. हे लगेच बघणं सोडू नका, तिथेच सगळी जान आहे. मग गायब व्हायचा खेळ: रेकॉर्ड बंद, एक जण फ्रेममधून बाहेर, परत चालू. एडिटिंग म्हणजे काय ते न सांगता कळतं.

तुमचं एडिटिंग, ताई राग मानू नका, पण तीच खरी भीती. आम्ही पहिल्या वेळी मस्त एडिट केलं, बासरी टाकली, स्लो मोशन टाकलं. हॉलमध्ये बायका रडल्या आणि शेवटी आमच्या लोकांना बिस्किटाचे पुडे वाटले. ४५ वर्षांचा माणूस हातात बिस्किटाचा पुडा घेऊन उभा, मला म्हणाला, "मी काय लहान आहे?" त्यानंतर शॉट्सचे फोटो प्रिंट काढून जमिनीवर पसरतो, क्रम ते लावतात, आम्ही फक्त जोडतो. म्युझिक नाही.

आणि कंटाळवाणं काही आलं तर लगेच उडवू नका. एकाने भाजीवाल्याचा तराजू चार मिनिटं शूट केला होता, नुसता तराजू, काटा हलतोय, थांबतोय, परत हलतोय. मी कापणार होतो. सगळे बघत असताना तो उठून स्क्रीनजवळ गेला आणि काट्यावर बोट ठेवून म्हणाला, "मी करतो." भाजीवाल्याला क्लिप दाखवली. आता दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा तो अर्धा तास कांदे तोलून देतो, घाईच्या वेळी भाजीवाला हाकलतो पण, खोटं कशाला सांगू.

चिंचपोकळी_स्लो:
बासरी 🙈 माझ्याकडे तर बासरीचा फोल्डरच आहे. पण मंडळातले लोक विचारतात, लिहिता वाचता न येणारे फिल्म काय बनवणार?

फिरता_ट्रायपॉड:
अहमदाबादला १९८४ मध्ये 'व्हिडिओ सेवा' नावाचा गट सुरू झाला, 'सेवा' या स्वयंरोजगार करणाऱ्या बायकांच्या संघटनेतल्या बायका, कित्येक निरक्षर, कॅमेरा आणि एडिटिंग दोन्ही शिकल्या. त्याआधी कॅनडातल्या फोगो बेटावर १९६७ मध्ये कोळी लोकांच्या फिल्म्स झाल्या, तिथे शूटिंग बाहेरच्यांनी केलं पण ज्यांचं शूट घेतलं त्यांनी बघून हो म्हटल्यावरच ते पुढे दाखवलं. मंडळाला एवढं पुरे.

पण पहिला शो मंडपात नको. आरतीच्या गर्दीत कोण ऐकतंय, "विशेष मुलांचा कार्यक्रम" असा बॅनर लागेल आणि सत्कार होईल. आधी पंधरा-वीस जण बोलवा, ज्यांच्याशी रोजचं काम पडतं: वॉचमन, वाणी, सोसायटीचे सेक्रेटरी, समोरचा सलूनवाला. प्रश्न आपल्या मंडळींनी विचारायचे, तुम्ही मागे बसा. आणि स्टेशनवर शूट करायचं असेल तर रेल्वेची परवानगी आधी काढा.

मुलुंडचे_काका:
ते दाखवू का, लपवू का आज घरी करून बघितलं. हळदीच्या व्हिडिओबद्दल विचारलं. दोन्ही वेळा नाही म्हणाली, आणि मग म्हणाली मी परत नाचते, तू काढ. आता मला तो आडवा मोबाईल कसा धरायचा सांगा कुणीतरी.

वडापाव_विदाऊट_चटणी:
काका, सेटिंगमध्ये ऑटो रोटेट चालू करा आधी. आणि तिच्या हातात रिमोट द्या की.

चिंचपोकळी_स्लो:
शनिवारी पहिला खेळ ठेवलाय. भावाला सांगितलं तर त्याने सगळ्यात आधी लिफ्टचं शूट घ्यायचं ठरवलंय, आमच्या मजल्यापासून तळापर्यंत. कुणाकडे जास्तीचा ट्रायपॉड असेल तर लालबाग-परळ भागात येऊन नेईन.