पिणारा एक, जागं सगळं घर : आपापले अनुभव लिहा

"सोडली का?" हा प्रश्न पिणाऱ्या माणसाच्या घरच्यांना लग्नात, बारशाला, अगदी दहाव्यालाही विचारला जातो. इथे तो प्रश्न नको. त्याने सोडली असेल, नसेल, सोडून परत धरली असेल. त्या सगळ्यात तुम्ही कसे तगलात आणि तुमच्यात काय बदललं, ते लिहा. बायको, नवरा, मुलं, आईबाप, सुना, कोणीही लिहा. बेवड्यांचे विनोद मात्र दुसरीकडे.

सुरुवात मी करते. बाबा प्यायचे. मला अजूनही जिन्यातल्या पावलांवरून माणूस ओळखता येतो. चप्पल फरफटत आली की मी वही उचलून शेजारच्या काकूंकडे जायचे. टापटाप आली की हातात भेळेचा पुडा असणार. ऑफिसात सगळे म्हणतात, तुला साहेबांचा मूड बरोबर कळतो. कळणारच, सगळं बालपण पहाऱ्यावर गेलंय! ती सवय सोडायला समुपदेशकाकडे जावं लागलं. आता नवऱ्याने भांडं आपटलं की मी सरळ विचारते, "रागावलायस का?" बहुतेक वेळा ते हातातून नुसतं निसटलेलं असतं.

कांडीवाली

आम्ही इचलकरंजीचे. हे मागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, हात सोन्याचा, पण आठवड्याचा पगार झाला की दोन दिवस माणूस दिसायचा नाही. मी मागाच्या सुताच्या कांड्या भरायला जायचे. मालकाचा फोन आला की ठरलेलं उत्तर, "त्यांना ताप आलाय." गुत्त्यावरची उधारी मी भागवायची, दारात पडले तर शेजारी उठायच्या आत मी आत ओढून घ्यायची. सासूबाईंनी कुठूनशी "न सांगता दारू सोडवा" वाली पावडर आणून आमटीत घातली. हे त्यावर प्यायले आणि तोंड लालबुंद, छाती धडधडायला लागली, उलट्या. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अशा पुड्यांत डायसल्फिराम असू शकतं. ते औषध खरं आहे, पण पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करून द्यायचं असतं. चोरून दिलं तर जीव जाऊ शकतो. कोणाच्या घरात अशी पुडी असेल तर आज टाकून द्या.

पुढे पुण्याला मुक्तांगणला नेलं. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं व्यसनमुक्ती केंद्र. मला वाटलं होतं, यांना तिथे सोडायचं आणि आपण सुटायचं. पण तिथे बायकांचीही सभा असते, 'सहचरी' म्हणतात. पहिल्यांदा नुसती रडले. माझ्या शेजारची बाई बँकेत अधिकारी, गळ्यात मोत्याचा सर, आणि गोष्ट अगदी माझीच, फक्त तिच्याकडे गुत्त्याऐवजी क्लब. तिथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसली : त्याचं पिणं तुझ्यामुळे सुरू झालं नाही आणि तुझ्या सांभाळण्याने थांबणारही नाही.

घरी आल्यावर यांची स्लिप झाली, म्हणजे परत प्यायले. मालकाचा फोन आला. म्हटलं, "झोपलेत. का झोपलेत ते उठल्यावर त्यांनाच विचारा." फोन ठेवला तेव्हा हात कापत होता. नंतर माझ्या एकटीच्या नावाने खातं काढलं. प्यालेल्या माणसाशी रात्री वाद घालायचा नाही, जे काय ते सकाळी चहाच्या वेळी, हा नियम केला. जिन्यात पडले तर मुलगा अंगावर चादर टाकून येतो, ओढून आणत नाही. गल्लीत नावं ठेवली, "बाई दगडाची आहे." ठेवू देत. मी आता डबे करते, हाताखाली दोघीजणी आहेत. यांची सध्या बंद आहे. एवढंच सांगते, पुढचं बोलत नाही.

सिस्टर_नाइटड्यूटी

वरचं वाचून हात जोडले. पण मला कोणी "किती खंबीर आहेस" म्हटलं की डोकं फिरतं. सातवीतल्या पोरीला बापाला उलटीतून बाजूला काढून कुशीवर झोपवता येतं, यात कौतुक कसलं? (कुशीवरच. उताणं झोपवलं तर उलटी श्वासनलिकेत जाते. हे शाळेत कोणी शिकवलं नव्हतं.) दुःखाने माणूस घडतो वगैरे मला मान्य नाही. मी एरवीही घडले असते, कदाचित जास्त हसत.

आता आयसीयूत नर्स आहे. नातेवाईक सांगतात, "घरात कोंडून ठेवलं होतं, चार दिवसांत सुटेल म्हणून." रोज भरपूर पिणाऱ्याची एकदम बंद झाली की हात थरथरतात, फिट येते, दोन-तीन दिवसांत भिंतीवर किडे दिसायला लागतात, माणूस भलतंच बरळतो. तो नाटक करत नसतो आणि त्याला बाहेरची बाधाही झालेली नसते. यात माणसं दगावतात. बंद करायची तर डॉक्टरच्या देखरेखीखाली. नातेवाइकांशी हे बोलताना माझा आवाज चढत नाही, एवढा एक बदल माझ्यात झालाय खरा.

आज्जी_डोंबिवली

माझा मुलगा पितो. "लग्न करून द्या, सुधारेल" हे वाक्य ज्याने शोधून काढलं त्याला एकदा भेटायचं आहे. मी नको म्हणत होते, पण घरात माझं चालत नव्हतं. यजमान गेल्यावर चालायला लागलं. आज सून आणि नातू माझ्याजवळ राहतात, मुलगा वेगळा राहतो. वकीलबाई म्हणाल्या, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने सुनेला सासरच्या घरात राहायचा हक्क मागता येतो. मी म्हटलं, तिला मागायला कशाला लावता, मीच दिलाय.

मला अल-ॲनॉनला एका मैत्रिणीने नेलं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही पिणाऱ्यांची एकमेकांना आधार देणारी संघटना. ती काढणाऱ्यांपैकी बिल यांच्या पत्नी लोइस यांनी १९५१ मध्ये घरच्या माणसांसाठी ही वेगळी चळवळ उभी केली. आमची सभा महापालिकेच्या शाळेत भरते. बालवर्गाची बाकं, गुडघे हनुवटीला लागतात. तिथे शिकले की मुलावर माया ठेवायची आणि त्याच्या पिण्यातून हात काढून घ्यायचा. सांगायला सोपं आहे हो. रविवारी तो जेवायला येतो. दार उघडलं आणि वास आला तर, "आज नको, पुढच्या रविवारी ये." तो जिना उतरतो आणि मी ताटातलं भरीत परत भांड्यात काढते. पहिल्यांदा असं झालं तेव्हा सून म्हणाली, "आई, मी बोलू का त्यांच्याशी?" मी म्हटलं, नको, हे माझं काम आहे.

नाव_नको

माझ्या घरी बायको पिते. पुरुष पितो तर लोक बायकोला बिचारी म्हणतात. बायको पीत असली की विचारतात, "तू तिला काय त्रास दिलास?" सासूबाईंनीही विचारलं. कपाटात, तांदळाच्या डब्यात, गीझरच्या वर, कुठे कुठे चपट्या सापडल्या. शोधत बसणं हेच माझं व्यसन झालं होतं. मुक्तांगणमध्ये बायकांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे हे कळल्यावर धीर आला, म्हणजे आपण एकटे नाही. मुलीला सांगितलं, "आईला आजार आहे, तो तुझ्यामुळे नाही." तिने विचारलं, "मग तुझ्यामुळे?" म्हटलं, "माझ्यामुळेही नाही." बोलून गेलो आणि मग लक्षात आलं, हे मी स्वतःला कधी सांगितलंच नव्हतं. शोधणं थांबवलंय. आता रात्री झोप होते, ती मुलीच्या अभ्यासाच्या वेळी उपयोगी पडते.

पन्नी

मी वर्ध्याची. आमच्या जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, आणि बाबा रोज प्यायचे. पन्नीत मिळायची, मोहाची. गडचिरोलीत १९९३ ला बंदी झाली. चंद्रपूरला २०१५ ला झाली नि २०२१ ला उठली. बंदीसाठीच्या मोर्चात आत्या होती, उठली तेव्हा ती फार कष्टी झाली. बंदीने बाबांची सुटली नाही. पण दुकान रस्त्यावर उघडं नव्हतं म्हणून मायला शाळेत जाताना आमचा हात घट्ट धरावा लागला नाही, हेही खरंच. राज्यात इतर ठिकाणी दारूचं दुकान बंद करायला बायका 'आडवी बाटली'साठी मतदान करतात, तिथे नुसतं जास्त मतं मिळून भागत नाही. माय त्या काळात एकटीच होती. आता ती गावातल्या दुसऱ्या बायांसोबत ठाण्यात जाते. ठाणेदारासमोर खुर्ची ओढून बसते, उभी राहत नाही.

लातूरची

पहिल्यांदाच लिहिते. सगळं वाचलं. जवळ सभा नाही, आणि सासरे दिवसभर घरात, फोनवर मोठ्याने बोलता येत नाही. काय करू?

आज्जी_डोंबिवली

बाळ, अल-ॲनॉनच्या ऑनलाइन सभाही असतात. कॅमेरा बंद, आवाज बंद, कानात इअरफोन. नुसतं ऐकलं तरी चालतं. कणीक मळताना ऐक.

सिस्टर_नाइटड्यूटी

बोलायचं असेल तर टेलिमानस, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. व्यसनाबद्दल विचारायला १४४४६. अंगावर हात टाकला तर वाट बघायची नाही, ११२. आणि ओळखपत्रं, दागिन्यांच्या पावत्या, मुलांचे दाखले माहेरी नाहीतर मैत्रिणीकडे ठेव.

लातूरची

तिन्ही नंबर सेव्ह केले, एक पार्लर, एक शिलाई, एक गॅसवाला. दाखल्यांच्या झेरॉक्स उद्या काढते, पोराच्या शाळेत द्यायच्यात असं सांगेन.