जास्त पळालेली जुनी गाडी: भाव कसा ठरवता? (अनुभव धागा)

तापीकाठ
परवा आकाशवाणी चौकात जुन्या डिझेल इंडिकाचा तो ओळखीचा खडखडाट ऐकला आणि पूर्वीचे व्यवहार आठवले. मेकॅनिक काका इंजिन ऐकून आकडा सांगायचे, तोच भाव व्हायचा. आता सगळे मीटर बघतात. लाखाच्या आत असेल तर महाग, दोन लाख असेल तर पाडून मागा. मला हे पटत नाही. हायवेवर २ लाख किमी पळालेली आणि वेळेवर ऑइल बदललेली डिझेल गाडी, शेतरस्त्यावर ९० हजार आपटलेल्या गाडीपेक्षा नक्कीच जास्त पैशाची असते.

माझी रीत अशी. त्याच मॉडेलची, त्याच सालची, ठीकठाक गाडी आपल्या खान्देशात खरोखर कितीला *गेली* ते काढायचं. जाहिरातीतला आकडा धरायचा नाही, ती नुसती मागणी असते. त्यातून येत्या वर्षभरात येणारी कामं वजा करायची, मग कागदांचा खर्च. मीटरसाठी वेगळी काट नाही, कारण किमी जे खातात ते कामांच्या यादीत येतंच. तुमची रीत सांगा.

गिरणाथडी
गाडी बघायला जायच्या आधीच मालकाला सांगा, "आम्ही येईपर्यंत चालू करू नका." गेल्यावर पहिला हात बोनेटवर. गरम लागलं तर कोल्ड स्टार्ट (थंड इंजिन चालू होतानाचा त्रास) लपवलाय असं समजा. मारुतीचं १.३ लिटर डिझेल इंजिन थंड असताना चालू केलं की दोन-तीन सेकंद साखळीसारखी खडखड येते का ऐका. येत असेल तर टायमिंग चेन (इंजिनातली साखळी) सैल झालीय किंवा ती ताणून धरणारा टेन्शनर गेलाय, भावात ते मोठं काम धरा. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं तरी या इंजिनाचे पार्ट आपल्याकडे कुठेही मिळतात, म्हणून त्या गाड्यांचा भाव टिकून आहे.

पांझराकर
+१. धूर पण बघा. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा, आणि गरम झाल्यावरही थांबत नसेल तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालचं पॅकिंग) गेलंय. डिझेलचा काळा धूर बहुतेक वेळा इंजेक्टर, टर्बोचा होज किंवा चोंदलेला एअर फिल्टर.

ऑइलचं झाकण सैल करून तोंडावर नुसतं ठेवा. हलकं थरथरलं तर चालतं. उडायला लागलं आणि आतून धुराचे झोत आले तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचा बोअर संपलेत. अशी गाडी इंजिनकामाचा पूर्ण खर्च वजा करूनच मागायची, नाहीतर सोडायची.

केळीपट्टा
आपल्याकडचं एक कोणी लिहिलं नाही. एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टर बघू नका, तो कालच नवा टाकलेला असतो. फिल्टरच्या *पुढचा*, इंजिनकडे जाणारा पाइप आतून बोटाने पुसा. बोटाला काळ्या मातीची पिठासारखी धूळ लागली तर गाडी बराच काळ फाटक्या किंवा लोकल फिल्टरवर चाललीय. ती माती सरळ सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा घासते. रावेर-यावलच्या मळ्यांतल्या गाड्यांत हे फार.

दुसरं, कूलंटची टाकी. हिरवं किंवा लाल पाणी पाहिजे. तांबूस गंजकट असेल, झाकणाला पांढरा थर असेल तर बोअरवेलचं पाणी भरत आलेत. मग रेडिएटर, वॉटर पंप, हीटरची नळी सगळं संशयित. काही जण गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकतात. हायवेला काटा वर येतच नसेल तर हेच. भर मे महिन्यात भुसावळला ४५ अंशात एसी लावून अर्धा तास उभी ठेवा, सगळं कळतं 🔥

अहिरानी_भाऊ
भो, पह्यले गाडीखाल वाकीसन दखा, मंग भाव करा.

केळीपट्टा
@अहिरानी_भाऊ एकदम बरोबर 😄 ऑइलचे थेंब, सीव्ही जॉइंटचे फाटलेले बूट, चेसिसचा नवा काळा रंग, सगळं खालीच दिसतं.

सूतगिरणी
मीटर पाडलंय का, म्हणजे किमी मागे फिरवलेत का, ते कसं ओळखायचं? भाऊ ६८ हजार किमीची वॅगनआर बघतोय, २०१३ ची.

पांझराकर
@सूतगिरणी टायरवरचा चार आकडी कोड बघा. २३१८ म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा. २०१३ च्या गाडीला २०२३ चे टायर असतील तर विचारा, हा कितवा जोड? आधीचे टायर सहसा ४०-५० हजार किमी गेलेले असतात. मग क्लच-ब्रेक पॅडलचं रबर, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड, गिअर नॉब. बोनेटखाली किंवा दाराच्या खांबावर ऑइल बदलाचं जुनं स्टिकर राहून जातं, त्यावर किमी लिहिलेले असतात. कंपनीच्या वर्कशॉपला मालकाला सोबत नेऊन सर्व्हिस रेकॉर्ड काढा.

मीटर पाडलेलं सापडलं तर भाव कमी करत बसू नका, सोडून द्या. ज्याने मीटर पाडलं त्याने अजून काय झाकलंय याचा हिशेब लागत नाही.

गिरणाथडी
वॅगनआर सीएनजी आहे का? असेल तर किट आरसीवर चढलेलं पाहिजे आणि सिलिंडरच्या प्लेटवर हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाखालच्या तपासणीची) तारीख बघा, दर ३ वर्षांनी लागते.

सूतगिरणी
सीएनजीच आहे. तारीख बघायला सांगते. धन्यवाद दादा 🙏

तापीकाठ
आकड्यांचं उदाहरण देतो, म्हणजे चर्चा जमिनीवर राहील. २०१४ ची स्विफ्ट डिझेल, १ लाख ८५ हजार किमी, ठीकठाक गाडीचा व्यवहाराचा भाव समजा ३ लाख २० हजार. चार टायर २० हजार, क्लच सेट मजुरीसह १३ हजार, लोअर आर्म-लिंक रॉड-बुश मिळून १२ हजार, बॅटरी साडेपाच हजार. झाले ५०,५००. इंजेक्टर-टर्बोसाठी राखीव २५ हजार. उरले २,४४,५००. कागद वेगळे.

शेतकी_मोटर्स
@तापीकाठ नाना, रीत बरोबर पण वजाबाकी जास्त होतेय. ठीकठाक गाडीच्या भावात टायर अर्धे झिजलेले धरलेलेच असतात. म्हणून टायर पूर्ण गेले असतील तर अर्धाच खर्च वजा करा, म्हणजे १० हजार. बॅटरी, क्लचचंही तेच. पूर्ण वजा फक्त ते काम करा जे ठीकठाक गाडीत निघायलाच नको होतं: एसी कॉम्प्रेसर, टर्बोतून ऑइल, वाकलेला क्रॉस मेंबर. नाहीतर विकणारा उठून जातो आणि चांगली गाडी हातची जाते.

राखीव रक्कम मात्र खिशात ठेवा, भावात वाद घालायला नाही. जास्त पळालेल्या गाडीला पहिल्या सहा महिन्यांत काहीतरी निघतंच.

तापीकाठ
@शेतकी_मोटर्स मान्य. क्लच गेला हे भावाच्या वेळी दाखवायचं कसं ते लिहा ना.

शेतकी_मोटर्स
हँडब्रेक घट्ट, तिसरा गिअर, थोडा रेस, क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच पकडतोय. रेस वाढतच राहिली आणि गाडी नुसती उभी, तर प्लेट संपली. एकदाच करा, वारंवार नाही, दुसऱ्याची गाडी आहे. वेळ असेल तर चाळीसगावहून कन्नड घाटात चौथ्यावर चढवून बघा. क्लच, टर्बो, तापणं, तिन्हीचं उत्तर एका चढात मिळतं.

खान्देशी_ताई
घाटावरून आठवलं, बामणोदच्या वांग्यांचं भरीत सुरू झालं का? पुण्याहून येतोय पुढच्या आठवड्यात.

केळीपट्टा
@खान्देशी_ताई थंडी पडली की या ताई, कळण्याच्या भाकरीसकट 😋

पूर्णाकाठ
गाडीवर या मंडळी. काळी-पिवळी म्हणून चाललेल्या बोलेरो-मॅक्सवर कोणी लिहिलं नाही. पासिंग प्रायव्हेट करून पांढऱ्या पाटीवर विकतात. आरसीचा इतिहास आरटीओत बघा. छतावर कॅरिअरची भोकं बुजवलेली, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना जादा पान टाकलेलं, मधल्या सीटचे बोल्ट बदललेले. अशा गाडीला प्रायव्हेटचा भाव द्यायचा नाही.

नवापूर_नाका
नंदुरबार-धुळ्यात जीजे ०५ (सुरत पासिंग) गाड्या भरपूर येतात. स्वस्त दिसतात. एनओसी, इथला रोड टॅक्स वयानुसार, नवा नंबर, सगळं मिळवून मग तुलना करा. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ असेल तर गाडी पाण्यात बुडालेली आहे.

दिल्लीकडच्या १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांचं पण तेच. तिथल्या जुन्या गाड्यांवरच्या निर्बंधांमुळे भाव पडलेला असतो. गाडी वाईट असेलच असं नाही, पण इथे आणून कागद होईपर्यंत फरक बराच कमी होतो.

कागदवाला_धुळे
कागदांचा खर्च लिहितो. १५ वर्षं भरत आली असतील तर नूतनीकरण ५ वर्षांचं, एप्रिल २०२२ पासून कारची फी ५ हजार, वर पर्यावरण कर आणि फिटनेसला लागणारी डागडुजी. म्हणजे १४ वर्षांची गाडी "अजून वर्ष आहे" म्हणून विकत असतील तर तो खर्च तुमच्याच माथी आहे, वजा करा. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबर पाटी (एचएसआरपी) लावली नसेल तर ७४५ रुपये अधिक जीएसटी. विमा: १००० ते १५०० सीसीला थर्ड पार्टी २०२२ च्या दराने ३,४१६ अधिक जीएसटी. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची विम्यातली सूट) तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्यासोबत जातो. पॉलिसी १४ दिवसांत नावावर करायला अर्ज द्या. ई-चलान आधी भरून घ्या, थकीत असेल तर ट्रान्सफर अडकतं.

सूतगिरणी
आणि गाडीवर पतसंस्थेचा बोजा असेल तर? मालक म्हणतो कर्ज फेडलंय.

कागदवाला_धुळे
@सूतगिरणी फेडलं असलं तरी आरसीवरून उतरेपर्यंत बोजा आहेच. बोजा उतरवायच्या फॉर्म ३५ वर पतसंस्थेची सही-शिक्का आणि एनओसी, दोन्ही लागतात. पतसंस्था अवसायनात (बंद करायला) गेली असेल तर सही अवसायकाची, त्यात महिने जातात. भावाला सांगा, टोकन थोडंच द्या, बोजा उतरल्यावर ट्रान्सफरच्या फॉर्म २९-३० वर सह्या आणि बाकी रक्कम. ताब्यात घेताना डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळही लिहून घ्या.