फिरत्या दिव्याची मोटर गेली म्हणून अख्खा दिवाच फेकायचा?

घाटातला_ड्रायव्हर: काल इथे एकाने लिहिलंय, अ‍ॅम्ब्युलन्सवरचा फिरता दिवा बंद पडला की भंगारात टाका आणि एलईडी बसवा, मोटर बदलत बसणं म्हणजे वेळ घालवणं. वाचून डोकंच फिरलं. मंडळाची जुनी गाडी मी ११ वर्षं चालवतोय, दोनदा मोटर बदलली, दोन्ही वेळा तासाभराचं काम. आत बल्ब जागेवरच असतो, फिरतो तो रिफ्लेक्टर, आणि त्याला फिरवणारी मोटर अंगठ्याएवढी. वरचा घुमट काढा, मल्टिमीटर लावा. मोटरच्या टोकांना १२ व्होल्ट येतायत आणि तरी फिरत नाही, तर मोटर गेली. व्होल्टेजच नसेल तर वायर नाहीतर अर्थिंगचा जोड गंजलाय, मोटरला कशाला दोष देता?

वायरिंगवाला_सांगली: ते मीच लिहिलं होतं आणि परत लिहितो. आत ५५ वॅटचा हॅलोजन असतो, साडेचार अँपिअर खातो. मोटर अडकली आणि बल्ब पेटलेला राहिला तर काय होतं माहितीये का? आमच्याकडे एक गाडी आली होती, रात्रभर अपघाताच्या जागी उभी होती, रिफ्लेक्टर एकाच बाजूला तोंड करून थांबलेला आणि समोरच्या घुमटाला तळहाताएवढा फोड. एलईडीत फिरणारंच काही नाही, अडकणार काय?

घाटातला_ड्रायव्हर: आणि त्या एलईडीच्या सर्किटमध्ये पाणी शिरलं की? महाडच्या पुढे रात्री दोन वाजता कोण दुरुस्त करणार? वरंध घाटात या एकदा. फिरता झोत वळणाआधीच कड्यावरून सरकताना दिसतो, गाडी दिसायच्या आधी समोरचा ट्रकवाला डावीकडे घेतो. चमकणाऱ्या पट्टीने धुक्यात नुसते डोळे दिपतात.

पेठेतला_इंजिनियर: मोटर बदला पण आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे, ते बघून. मी पुण्याच्या तापकीर गल्लीतून नुसती साईज बघून आणली, दिवा दुप्पट वेगाने पळायला लागला, फिरतोय असं वाटेचना, नुसता लुकलुकायचा. आणि जुन्या शाफ्टवरचा प्लॅस्टिकचा, स्क्रूसारखा वर्म गिअर ओढून काढताना तडकला तो वेगळाच. टोकांमध्ये १०४ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटरही लावा, नाहीतर ब्रशच्या ठिणग्यांनी वायरलेसवर खरखर येते. नवीन हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका, हे तरी सगळ्यांना माहीत असेल.

नाशिकची_सिस्टर: दिवा फिरो नाहीतर लुकलुको, वाट देतं कोण? मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून अ‍ॅम्ब्युलन्सला वाट दिली नाही तर १०,००० रुपये दंड आहे, कोणाला झालेला पाहिलाय का? मागे ऑक्सिजनचा काटा लाल पट्ट्यात आलेला, पेशंटची आई माझा हात धरून बसलेली, आणि पुढचा कारवाला काच खाली करून म्हणतो, आम्ही कुठे जाऊ?

टोलनाका_७: ताई, लोकांचा विश्वास उडालाय. १ मे २०१७ ला मंत्र्यांचे लाल दिवे उतरले, पण गल्लीतल्या जीपवर अजून काहीतरी लुकलुकतंच आहे. आणि रिकामी अ‍ॅम्ब्युलन्स सायरन लावून जाताना मी स्वतः पाहिलीये.

नाशिकची_सिस्टर: रिकामी गाडी पेशंटला आणायलाच जात असते! हार्ट अटॅकवाला तिकडे घरी पडलेला असतो, त्याच्याकडे काय सिग्नल मोजत जायचं का? रिकामी दिसली म्हणून अडवता आणि उशीर झाला की आमच्या अंगावर धावून येता.

टोलनाका_७: बरं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण वडापावच्या गाडीशी सायरन बंद करून थांबलेली पाहिली, ती काही खोटी नाही.

घाटातला_ड्रायव्हर: सोळा तासांची ड्युटी असते हो. वडापाव पण खायचा नाही का आम्ही?

वायरिंगवाला_सांगली: मूळ मुद्दा राहिलाच. घाटाचं म्हणणं मान्य, तिथे झोत दिसतो. बदला मोटर. पण सीटवर बसून डोक्यावरचा दिवा दिसत नाही, निदान ड्युटी चढताना खाली उतरून वर बघत जा. नाहीतर पुढचा फोड तुमच्या घुमटाला.

घाटातला_ड्रायव्हर: ते मी रोज बघतो. शेडच्या भिंतीवर झोत गोल फिरताना दिसल्याशिवाय गाडी बाहेर काढत नाही. दुसरी मोटर, आरपीएम बघून घेतलेली, टूलबॉक्समध्ये कायम असते.