गळफास, विहीर, शेततळं : नोंदवहीतल्या वय-लिंगाच्या आकड्यांचं करायचं काय?

निवासी_डॉक्टर :
नमस्कार. मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात न्यायवैद्यकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय : श्वास कोंडून झालेले अनैसर्गिक मृत्यू. तीन वर्षांची पीएमची, म्हणजे शवविच्छेदनाची, नोंदवही उतरवून काढली. गळफासात वीस ते चाळीसचे पुरुष जास्त. गळा आवळल्याच्या नोंदी थोड्या, पण त्यात बायका जास्त. विहिरीत बायका, शेततळ्यात पोरं. गाईड सर म्हणतात टक्केवारी काढ, जुन्या अभ्यासांशी ताडून बघ, झालं.

माझं मन भरत नाही. परवा शेततळ्यात बुडालेले दोन भाऊ आणले. वडिलांनी दोघांच्या चपला पिशवीत घालून आणल्या होत्या. काठावर जोडीनं ठेवलेल्या सापडल्या म्हणाले. माझ्या तक्त्यात ते '० ते १४, पुरुष, २' एवढेच होतात. यातून खरोखर म्हणता काय येतं?

निवृत्त_प्राध्यापक :
आधी तुमच्याकडे कोण येतं ते बघा. साधं पीएम ग्रामीण रुग्णालयातच उरकतं, संशयाची केस तुमच्याकडे धाडतात. त्यामुळे गळा आवळल्याचं प्रमाण तुमच्या वहीत फुगलेलं असणार. जिल्ह्याचं चित्र म्हणून ते छापू नका.

पुरुष जास्त हे मात्र देशभर दिसतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात १,७०,९२४ आत्महत्या आहेत. त्यात पुरुष सुमारे ७२ टक्के, आणि २२,७४६ एकट्या महाराष्ट्रातल्या, सगळ्या राज्यांत जास्त. चारातला एक जण रोजंदारीवर जगणारा. म्हणून व्यवसायाचा रकाना 'इतर' लिहून मोकळा सोडू नका.

तालुक्याची_डॉक्टरीण :
विहिरीतल्या बायकांबद्दल मला पोटतिडकीनं सांगायचंय. आकडे डोक्यात बसले की केस बघायच्या आधीच निष्कर्ष तयार होतो. माझ्याकडे एक विवाहिता आली, लग्नाला तीन वर्षं झालेली. पंचनाम्यात लिहिलेलं, 'पाणी शेंदताना तोल गेला'. मी पंचाला विचारलं, घागर कुठंय? घागर घरात होती. भरलेली, वर झाकण. मी बुडून मृत्यू असंच लिहिलं, कारण फुप्फुसं तेच सांगत होती. पण ती घागर नायब तहसीलदारांच्या कानावर घातली. ती स्वतः गेली, की तिला कुणी ढकललं, हे फुप्फुसं सांगत नाहीत.

लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई अशी गेली तर चौकशी दंडाधिकाऱ्यांकडे जाते, ती यासाठीच. तेव्हा नुसतं 'विवाहित' नको, लग्नाला किती वर्षं झाली ते लिहा.

आणि डॉक्टर, रोज हे उतरवताना तुमचं मनही जपा. टेलिमानस या मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मी मागं राहिलेल्या घरच्यांना देते, आपल्यालाही तो लागू शकतो.

निवृत्त_फौजदार :
चेंगराचेंगरीत छाती दबून मेलेल्यांचा रकाना वर्षानुवर्षं रिकामा राहतो आणि एका दिवसात भरतो. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीला अडीचशेच्या वर माणसं गेली. २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३. तिथं वय-लिंग बघून काय कळणार? त्या वेळी त्या पायऱ्यांवर कोण होतं, एवढंच कळतं. जागा लिहा. पायऱ्या किती रुंद, बाहेर पडायची वाट कुठं, ते लिहा.

निवासी_डॉक्टर :
सर, मॅडम, साहेब, मनापासून आभार. लग्नाची वर्षं, नेमकं काम आणि जागा असे तीन रकाने वाढवले. जुन्या नोंदींत ते सापडेनात, म्हणून पोलीस ठाण्यांतून पंचनामे मागवतोय.

त्या दोन भावांचा पंचनामा आज वाचला. तळ्याला प्लास्टिकचा कागद आहे, म्हणजे उतार निसरडा, पोहता येणाराही वर चढू शकत नाही. कुंपण होतं का, काठाला दोर बांधला होता का, यावर एक ओळ नाही. उद्या सुट्टी आहे. बघून येतो.