मदत हवी आहे: हॅलोविनसाठी जमिनीलगत सरपटणारं धुकं

मंडळी, ३१ ऑक्टोबरला न्यू जर्सीतल्या घरासमोर थर्माकोलची थडगी मांडायची आहेत. त्यांच्या पायथ्याशी धुकं सरपटत राहिलं पाहिजे, तरच ती खरी भीती!

फॉग मशीन ४०० वॉटचं, द्रव ग्लायकॉल आणि पाण्याचा. धूर गरम निघतो, म्हणून लगेच वर उठतो. तो थंड करायला ४५ लिटरचा कूलर (बर्फ ठेवायची झाकणाची पेटी) वापरला आहे. एका बाजूला वरच्या अंगाला ४ इंची भोक, समोर तळाशी तेवढंच. तळापासून ४ इंचांवर जाळी, तिच्यावर ८ किलो बर्फ. बर्फाचे खडे मोठेच हवेत, चुऱ्यातून धूर पुढे सरकत नाही. मशीनचं तोंड वरच्या भोकापासून २ इंच लांब आहे; अगदी चिकटवलं तर हवा मिसळत नाही आणि धूर आतच ओला होऊन ठिबकतो.

पायरीवरून धुकं उतू गेलेल्या दुधासारखं ओघळतं, फार सुंदर दिसतं. पण ६ फुटांपुढे विरतं, आणि वीसेक मिनिटांनी बर्फ वितळू लागला की वर चढू लागतं.

बर्फात मीठ घातलं तर गारवा वाढेल, पण बर्फ लवकर संपेल का? पुढे भोकं पाडलेली, कपडे वाळवायच्या ड्रायरची नळी जोडायची तर भोकं केवढी आणि किती अंतरावर? वाऱ्याला आडोसा कशाचा करता?

सुका बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) कृपया सुचवू नका. त्याचा गुदमरवणारा वायू खोलगट जागी साचतो, आणि लहान मुलं नेमकी तिथेच वाकून बघतात.